धमनीच्या भिंतीतली धग

अँजिओग्राफीचा अहवाल हातात पडला की नजर आधी टक्क्यांवर जाते. ब्लॉकेज तीस टक्केच आहे म्हटलं की जीव भांड्यात पडतो. पण अँजिओग्राफीत दिसतो तो रक्ताचा मार्ग, आणि मेदाचा थर, म्हणजे प्लाक, साठतो धमनीच्या भिंतीत. सुरुवातीला धमनी बाहेरच्या अंगाने फुगून त्याला जागा करून देते. सेमूर ग्लागोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली हृदयधमन्यांचे छेद मोजून दाखवलं, की प्लाकने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताचा मार्ग फारसा आवळत नाही.

झटका बहुतेकदा येतो तो प्लाक फुटून त्यावर गुठळी धरल्यामुळे. फुटणाऱ्या प्लाकच्या आत मऊ, मेदाळ लगदा असतो आणि वर तंतूंची साय. हृदयधमनीत ही साय ६५ मायक्रोमीटरपेक्षा पातळ झाली की ती धोक्याची मानतात. ती पातळ करतात भक्षक पेशी. मेद उचलायला आलेल्या या पेशी स्वतःच मेदाने फुगतात आणि सायीतलं कोलॅजन कुरतडणारी विकरं सोडतात. म्हणून मला टक्क्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: आत दाह किती आहे?

तो दिसावा म्हणून या पेशींच्या खादाडपणाचाच उपयोग करून घेतला गेला. लोह ऑक्साइडचा बारीक कण, त्यावर डेक्स्ट्रान या शर्करेचं आवरण. सगळं मिळून साधारण ३० नॅनोमीटर. हे कण शिरेतून दिले की तासन्‌तास रक्तात फिरत राहतात आणि भक्षक पेशी त्यांना गिळतात. रुग्णाला पुन्हा एमआरआयसाठी बोलावतात ते २४ ते ३६ तासांनी. एमआरआयचं चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचं असतं. लोहकण आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतात, तिथला संकेत विझतो आणि भिंतीवर काळा डाग उमटतो. कॅल्शियमही काळंच दिसतं, त्यामुळे कण देण्याआधीचं चित्र शेजारी ठेवूनच तो डाग वाचावा लागतो.

२००९ मध्ये केंब्रिजच्या गटाने मानेतल्या कॅरोटिड धमनीत प्लाक असलेल्या रुग्णांना ॲटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध दिलं, काहींना रोज १० मिलिग्रॅम, काहींना ८०. मोठ्या मात्रेच्या गटात लोहाच्या खुणा १२ आठवड्यांत स्पष्टपणे कमी झाल्या. औषधाने आतली धग निवते आहे हे जिवंत माणसाच्या धमनीत बघता आलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण इथे कण पेशीच्या भुकेवर विसंबून असतो. पुढची पायरी म्हणजे कणावर पत्ता चिकटवणं: प्लाकमध्ये नव्याने उगवणाऱ्या केशवाहिन्यांवरचं इंटेग्रिन हे प्रथिन किंवा गुठळीतलं फायब्रिन हे तंतुमय प्रथिन ओळखणारा रेणू. असे लक्ष्यरेणू संख्येने इतके थोडे असतात, की प्रत्येकाला गॅडोलिनियमचा, म्हणजे एमआरआयचं चित्र उजळवणाऱ्या धातूचा, एकेक अणू चिकटला तरी चित्रात काहीच उजळत नाही. नॅनोकण लागतो तो यासाठी. एकाच कणावर गॅडोलिनियमचे हजारो अणू लादता येतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २००३ मध्ये इंटेग्रिन शोधणाऱ्या अशा कणांनी सशांच्या महाधमनीची भिंत उजळवून दाखवली.

माणसात मात्र गॅडोलिनियम शरीरात फार काळ अडकून राहणं परवडणारं नाही, विशेषतः मूत्रपिंडं कमजोर असतील तर. लोहाचा निचरा सोपा, कारण शरीर ते पुढे हिमोग्लोबिनसाठी वापरू शकतं. दुसरी अडचण हृदयाचीच. कॅरोटिड त्वचेजवळ आणि बऱ्यापैकी स्थिर असते. हृदयधमनी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, आणि प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक श्वासाला हलणारी.