फॅन्जिओ मोठा की हॅमिल्टन, आणि हे मोजायचं तरी कसं

२०२० मध्ये फॉर्म्युला वन या कार रेसिंगच्या स्पर्धेने अ‍ॅमेझॉनच्या मदतीने १९८३ पासूनच्या सगळ्यात वेगवान ड्रायव्हर्सची यादी काढली होती, क्वालिफाइंगच्या, म्हणजे रेसआधी सगळ्यात जलद एक लॅप (सर्किटची फेरी) कोण मारतो त्या वेळांवरून. पहिला आयर्टन सेन्ना, दुसरा शुमाकर, तिसरा हॅमिल्टन, इथपर्यंत ठीक होतं, पण आठव्या नंबरवर निघाला हेक्की कोवालायनेन, म्हणजे आख्ख्या करिअरमध्ये एकच रेस जिंकलेला माणूस, आणि चार वेळा चॅम्पियन झालेला व्हेटेल त्याच्याखाली दहावा. लोक भयंकर चिडले. मला मात्र ही यादी फार कामाची वाटते, कारण वेगवेगळ्या काळातल्या ड्रायव्हर्सची तुलना कशी होते आणि ती कुठे गंडते, हे दोन्ही तिच्यात दिसतं.

नुसते विजय मोजून भागत नाही हे तर उघड आहे. २०२४ अखेर हॅमिल्टनचे १०५ विजय, पन्नासच्या दशकातल्या फॅन्जिओचे २४. पण फॅन्जिओ एकूण रेसच ५१ धावला, म्हणजे जवळजवळ निम्म्या जिंकल्या. १९५० च्या सीझनमध्ये ७ रेस होत्या, २०२४ मध्ये २४. पॉइंट्सचं तर विचारूच नका, तेव्हा जिंकल्यावर ८ मिळायचे, आता २५. बरं मग टक्केवारी काढू म्हणाल तर तिथेही गोची आहे, कारण पन्नासच्या दशकात एकाच रेसमध्ये दोन ड्रायव्हर एक गाडी वाटून घेऊ शकायचे. १९५६ ला अर्जेंटिनात फॅन्जिओची गाडी बंद पडली, त्याने टीममधल्या मुस्सोची गाडी घेतली आणि रेस जिंकली, तो विजय दोघांच्याही नावावर आहे. आता हा एक धरायचा की अर्धा?

पण खरी अडचण गाडीची. गावसकर आणि सचिनची तुलना करताना निदान बॅट दोघांची साधारण सारखीच असते, इथे गाडीच बहुतेक निकाल ठरवते. शेफिल्ड युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला, १९५० ते २०१४ पर्यंतच्या सगळ्या रेस घेऊन. ड्रायव्हर आणि टीम मिळून निकालात जो फरक पडतो त्यातला सुमारे ८६ टक्के वाटा टीमचा निघाला, आणि टीमचं वजन काळाबरोबर वाढत गेलंय, फक्त शहरातल्या रस्त्यांवरच्या सर्किटवर ते थोडं कमी होतं. म्हणजे आपण ज्याला मोठा ड्रायव्हर म्हणतो त्यात त्याचा स्वतःचा हिस्सा उरलेल्या थोडक्यात शोधायचा असतो.

तो शोधायची एकच पक्की जागा आहे, टीममेट. गाडी तीच, सर्किट तेच, दिवस तोच, मग जो फरक उरला तो बराचसा माणसाचा. आणि ड्रायव्हर टीम बदलत राहतात, त्यामुळे या जोड्यांची साखळी तयार होते. फॅन्जिओबरोबर १९५५ ला मर्सिडीजमध्ये मॉस होता, मॉसबरोबर व्हॅनवॉलमध्ये ब्रूक्स, ब्रूक्सबरोबर बीआरएममध्ये ग्रॅहम हिल, मग रिंट, एमर्सन फिटिपाल्डी, पीटरसन, लाउडा, प्रोस्ट, सेन्ना, हॅकिनेन, कुल्टहार्ड, रायकोनेन, अलोन्सो आणि शेवटी २००७ ला मॅक्लारेनमध्ये अलोन्सोबरोबर हॅमिल्टन. मधे चौदा जोड्या. अक्षरशः १९५५ पासून आजपर्यंत येता येतं, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप भारी वाटलं होतं.

पण प्रत्येक जोडीत थोडी चूक असतेच, नशीब, पंक्चर, पाऊस. या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर चौदा जोड्यांनंतर एकूण चूक चौदाच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे साधारण पावणेचार पट होते. आणि काही कड्या फारच बारीक आहेत, सेन्ना आणि हॅकिनेन १९९३ मध्ये एकत्र धावले फक्त तीन रेस, आणि या मार्गाने गेलात तर सगळं त्या तीनवर लटकतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे माणूस कायम तसाच राहतो असं धरणं. कुल्टहार्डबरोबरचा रायकोनेन २००३ मध्ये दोन पॉइंट्सनी चॅम्पियनशिप हुकलेला तरुण होता, २०१४ ला फेरारीत अलोन्सोने १६१ पॉइंट्स काढले तेव्हा त्याच रायकोनेनचे ५५ झाले. साखळीत मात्र हे दोन्ही रायकोनेन एकच कडी. शुमाकरचंही तेच, २०१० ते २०१२ मध्ये तो चाळिशी ओलांडून परत आला, तिन्ही वर्षं रॉसबर्ग त्याच्या पुढे राहिला, आणि शेफिल्डच्या अभ्यासात ड्रायव्हर्सची जी यादी निघाली तिच्यात ती तीन वर्षं धरली की शुमाकर खाली घसरतो. त्या यादीत फॅन्जिओ पहिला, प्रोस्ट दुसरा.

कोवालायनेनचं कोडं पण इथेच सुटतं. २००८-०९ ला तो हॅमिल्टनबरोबर होता आणि क्वालिफाइंगमध्ये फार मागे नसायचा. पण त्या काळात क्वालिफाइंगचा शेवटचा टप्पा रेसचं पेट्रोल भरूनच करावा लागायचा, ज्याच्या टाकीत कमी त्याची वेळ चांगली, त्यामुळे नुसते सेकंद बघितले तर फसायला होतं. नंतर लोटसमध्ये त्याचा जोडीदार होता ट्रुली, जो यादीत नववा आहे. दोघं एकमेकांना धरून वर गेलेत असं माझं मत आहे.

आणि मुळात मोजताय काय? १९८८-८९ मध्ये सेन्ना आणि प्रोस्ट एकाच टीममध्ये, सारख्याच गाड्यांत ३२ रेस धावले, क्वालिफाइंगमध्ये सेन्ना २८ वेळा पुढे, प्रोस्ट ४ वेळा. एका लॅपचा वेग हाच निकष असेल तर वादच संपला. पण १९८८ चे सगळे पॉइंट्स जोडा, प्रोस्टचे १०५ आणि सेन्नाचे ९४, चॅम्पियन सेन्ना झाला कारण नियमाप्रमाणे सगळ्यात चांगले ११ निकालच धरायचे होते. एकच डेटा, दोन प्रश्न, दोन उत्तरं. प्रोस्टला आपल्याकडे सेन्नाच्या गोष्टीतला खलनायक करून टाकलंय, हे मला कायम खटकतं, आकडे त्याच्या बाजूने खूप बोलतात.

जिम क्लार्कचं आणखी वेगळं. ७२ रेसमध्ये २५ विजय आणि दुसरा नंबर फक्त एकदा! म्हणजे एकतर जिंकला नाहीतर बहुतेक वेळा गाडीने दगा दिला, १९६२ आणि १९६४ च्या चॅम्पियनशिप शेवटच्या रेसमध्ये तेल गळून गेल्या. बंद पडलेली गाडी ड्रायव्हरच्या खात्यात टाकायची का, यावर क्लार्क कितवा येतो ते ठरतं. माझ्या मते टाकू नये, पण तेव्हाच्या नाजूक गाड्या सांभाळून चालवणं हे कौशल्यच होतं असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

म्हणून एक ते दहा असे नंबर लावलेली यादी दिसली की मी तिच्यातले गट बघते, फॅन्जिओ, क्लार्क, प्रोस्ट, सेन्ना, शुमाकर, अलोन्सो, हॅमिल्टन हे वरच्या गटात आहेत इतकं नक्की म्हणता येतं, आतला क्रम वर सांगितलेल्या मोजणीतल्या चुकांमध्येच हरवतो. आत्ताच्या लोकांचं चित्र जास्त स्वच्छ आहे कारण जोड्यांचं जाळं दाट झालंय. हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन कधी एका टीममध्ये नव्हते, पण हॅमिल्टन-बटन-पेरेझ-व्हर्स्टॅपन हा एक रस्ता आहेच, आणि २०२५ ला हॅमिल्टन फेरारीत गेल्यावर लेक्लेर आणि साइन्झकडून जाणारा दुसराही झालाय. दोन्ही रस्त्यांनी जवळपास सारखंच उत्तर आलं तर त्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.