फ्रँचायझीच्या हद्दीत लाईट गेली तर जबाबदार कोण? – पार्श्वभूमी

भिवंडी, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जळगाव, मालेगाव, मुंब्रा. या शहरांतल्या वीज मोर्चांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘वीज खाजगी झाली, आता सरकारच्या हातात काही राहिले नाही.’ कधी ते वैतागलेला ग्राहक बोलतो, कधी स्थानिक पुढारी आणि कधी खुद्द मंत्रालयातून तसे सुचवले जाते. पहिल्या दोघांचा गैरसमज समजू शकतो. तिसऱ्याला मात्र माफी नाही, कारण यांपैकी एकाही शहराची वीज विकली गेलेली नाही. तारा, खांब, सबस्टेशन आणि ग्राहक त्यानंतरही सरकारी वितरण कंपनीचेच, म्हणजे महावितरणचेच राहिले. खाजगी कंपनीकडे गेले ते काम आणि वसुली; यालाच फ्रँचायझी म्हणतात. हा फरक कागदी वाटतो. पण मे महिन्यात रात्री एक वाजता डीपी जळते, तेव्हा सगळे त्यावरच अडते.

या बाबतीत मुंबईची गोष्ट निराळी आहे आणि जुनीही. तिथे सुरुवातच खाजगी कंपन्यांनी केली. 1910 च्या वीज कायद्यात परवान्याची मुदत संपली की स्थानिक संस्थेला ती कंपनी विकत घेण्याचा हक्क होता. ऑगस्ट 1947 मध्ये मुंबई महापालिकेने तोच मार्ग धरला आणि शहराची वीज व ट्राम ताब्यात घेतली. शहराला वीज पुरवणे हे अखेर लोकनियुक्त संस्थेचे काम, हे तेव्हा गृहीतच होते. पुढे 1948 चा कायदा, 1960 मध्ये राज्याचे मंडळ आणि जून 2005 मध्ये त्या मंडळाची शकले. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे.

खरा गुंता 26 जानेवारी 2007 पासून सुरू होतो. त्या दिवशी भिवंडीचे वितरण अहमदाबादच्या एका खाजगी कंपनीच्या हाती गेले. देशात शहरभराची फ्रँचायझी देण्याचा हा पहिला मोठा प्रयोग होता. तो भिवंडीतच का झाला, हे कळायला त्याआधीची भिवंडी आठवावी लागते. यंत्रमागांचे गाव, दिवसरात्र खटखट चालू. वीज हा कपड्याचा कच्चा माल, सुताइतकाच. गळती सुमारे 58 टक्के, म्हणजे दिलेल्या 100 युनिटांपैकी जेमतेम 42 युनिटांचे पैसे सरकारकडे परत येत. बाकीची वीज आकडे टाकून, मीटरला हात लावून किंवा नुसते बिल न भरून जात असे. रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) भाराने सारखी जळत. जळाले की गल्लीतले कारखानदार वर्गणी काढून लाईनमनला गाठत, कारण रीतसर तक्रारीला वेळ लागे आणि तेवढा वेळ माग बंद ठेवणे परवडत नसे. माग थांबला की विणकराची मजुरीही थांबते, ती मीटरवर नाही तर कापडावर मिळते.

नंतरची सुधारणा नाकारण्यात अर्थ नाही. काही वर्षांतच भिवंडीची गळती निम्म्याहून खाली आली. नवी रोहित्रे बसली, मीटर बदलले, डीपी जळण्याचे प्रमाण घटले. ज्यांचा आकडा गेला ते चिडले. जे नियमित बिल भरत त्यांना स्थिर वीज मिळू लागली. चढ्या बिलांच्या आणि धावणाऱ्या मीटरच्या तक्रारी मात्र तेव्हापासून आजवर चालूच आहेत आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत.

आता ‘फ्रँचायझी’ या मूळ शब्दाकडे. 2003 च्या वीज कायद्यात वीज वितरणाचे दोन मार्ग आहेत. एक ‘परवानाधारक’. त्याला राज्याच्या वीज नियामक आयोगाकडून परवाना लागतो, दरासाठी सुनावणीला उभे राहावे लागते, मागेल त्याला जोडणी द्यावी लागते. दुसरा ‘फ्रँचायझी’. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे फ्रँचायझी म्हणजे परवानाधारकाने आपल्या हद्दीतल्या एखाद्या भागात आपल्या वतीने वीज वितरण करायला नेमलेली व्यक्ती. ‘आपल्या वतीने’ हे शब्द नजरेआड करू नयेत. आणि कलम 14 चे सातवे परंतुक (कलमाला जोडलेली अट) तर याहून स्पष्ट आहे: अशा व्यक्तीला वेगळा परवाना लागणार नाही, आणि त्या हद्दीतल्या वितरणाची जबाबदारी परवानाधारकाचीच राहील.

हे एकच वाक्य आहे, पण त्याचे दोन अर्धे नेहमी वेगवेगळे वाचले जातात. करार करताना पहिला अर्धा वाचतात: परवाना नको, म्हणजे आयोगापुढची लांबलचक प्रक्रिया नको, निविदा काढा आणि द्या. लाईट गेली की दुसरा अर्धा वाचणारा कोणी सापडत नाही. सरकारी कंपनीचा अधिकारी फ्रँचायझीच्या कॉल सेंटरचा नंबर देतो. आयोगाच्या लेखी फ्रँचायझी परवानाधारक नाही, म्हणून सुनावणीत उत्तर द्यायचे ते सरकारी कंपनीने. आणि सरकारी कंपनी पूर्णपणे राज्य शासनाच्या मालकीची. म्हणजे साखळीचे शेवटचे टोक मंत्रालयातच पोचते. माझ्या मते या परंतुकाइतके स्वच्छ लिहिलेले आणि इतके सोयीस्करपणे विसरलेले वाक्य वीज कायद्यात दुसरे नाही.

पैशाची रचना पाहिली की हे विसरणे का सोयीचे आहे तेही समजते. फ्रँचायझी शहराच्या वेशीवर, ठरलेल्या मीटरपाशी, सरकारी कंपनीकडून वीज घेते. दर निविदेत बोललेला. शहरात ती विकायची आयोगाने ठरवलेल्या दराने, म्हणजे सरकारी कंपनीच्या बाकीच्या हद्दीत जो दर तोच. मधला फरक फ्रँचायझीचा. गळती जितकी कमी, वसुली जितकी चोख, तितका तिचा फायदा. सरकारी कंपनीला वेशीवरचे पैसे मिळाले की तिचे डोके शांत. शहराच्या आत कोणाच्या गल्लीत किती तास अंधार झाला, याचा तिच्या हिशोबावर थेट परिणाम होत नाही. जबाबदारी कायद्याने तिची, पण तोटा तिचा नाही.

त्या काळातल्या भारनियमनाने हा गोंधळ आणखी वाढवला. 2005 नंतरच्या तुटवड्याच्या वर्षांत वीज कापली जायची ती गळतीप्रमाणे. ज्या फीडरवर (एका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर) चोरी आणि थकबाकी जास्त, तिथे जास्त तास अंधार. त्यामुळे फ्रँचायझीच्या शहरात लाईट गेली की तीन शक्यता असत: राज्यात वीजच कमी आहे, वरची उच्चदाब वाहिनी बंद आहे, किंवा गल्लीतला जम्पर (तारा जोडणारा तुकडा) तुटला आहे. पहिल्या दोन गोष्टी फ्रँचायझीच्या हातात नाहीत. तिसरी आहे. घरातला पंखा तिन्ही वेळा सारखाच थांबतो. एका शहरातली उन्हाळ्याची रात्र मला लख्ख आठवते. समोरच्या इमारतीत उजेड, आमच्याकडे एकच फेज गेलेला, पाण्याची मोटर बंद, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पायरीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. फोनवर सांगितले गेले की बिघाड ‘वरचा’ आहे. वरच्या कार्यालयातून सांगितले गेले की ‘खालचा’ आहे. पहाटे शिडी घेऊन लाईनमन आला आणि दहा मिनिटांत काम झाले. बिघाड खालचाच होता.

भिवंडीनंतर 2011 मध्ये एकदम तीन शहरे गेली. मे महिन्यात औरंगाबाद आणि नागपूरचे तीन विभाग – सिव्हिल लाइन्स, महाल, गांधीबाग – आणि वर्षअखेरीस जळगाव. तिन्ही ठिकाणी गणित भिवंडीचे मांडले होते, पण भिवंडीसारखी प्रचंड गळती तिथे नव्हती, म्हणजे ती कमी करून कमवायची जागाही तेवढी नव्हती. औरंगाबादेत घेतलेल्या विजेचे पैसे थकत गेले आणि नोव्हेंबर 2014 मध्ये करार संपुष्टात आला. जळगावचा 2015 मध्ये आटोपला. नागपुरात काम घेतलेली कंपनी वर्षभरातच बदलली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीनेही आर्थिक अडचण सांगून हात वर केले. सरकारी कंपनीचे अभियंते पुन्हा त्याच सबस्टेशनांत जाऊन बसले.

नागपूरचे ते हस्तांतर या सगळ्या वादाचे उत्तर आहे असे मला वाटते. शहर अंधारात गेले नाही, कारण परवाना सरकारी कंपनीकडेच होता आणि तिला दुसऱ्या दिवशी काम हाती घेणे भाग होते. जबाबदारी कोणाची, हे त्या दिवशी कोणालाही विचारावे लागले नाही. मग तीच जबाबदारी आधीची आठ वर्षे, रोजच्या लाईट जाण्याच्या वेळी, का विचारावी लागत होती?

ओडिशाने हा धडा फार आधी घेतला होता. तिथे 1999 मध्ये वितरण खरोखरच विकले गेले. मध्य विभाग एका अमेरिकी कंपनीने घेतला, काही आठवड्यांतच ऑक्टोबरचे महाचक्रीवादळ आले, खांब भुईसपाट झाले, आणि 2001 मध्ये कंपनी राज्य सोडून निघून गेली. आयोगाला प्रशासक नेमावा लागला. मालकी विकली तरी अडचणीच्या वेळी भार सरकारी यंत्रणेवरच आला.

2020 च्या मार्चमध्ये मुंब्रा-शीळ-कळवा आणि मालेगाव फ्रँचायझीकडे गेले. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला सकाळी मुंबई आणि ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबईत एकाच उपनगरात तार एका कंपनीची आणि वीज दुसऱ्या कंपनीची असू शकते, 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तसे झाले. तरी त्या सकाळी बिघाड कळवा-पडघे परिसरातल्या 400 केव्ही वाहिन्यांवर, म्हणजे वीज दुरून शहरापर्यंत आणणाऱ्या सरकारी पारेषण यंत्रणेत सुरू झाला. बिघाडाच्या सुरुवातीसाठी तरी खाजगी कंपन्यांकडे बोट दाखवायला त्या दिवशी जागा नव्हती.

जानेवारी 2023 चा वीज कर्मचाऱ्यांचा संपही फ्रँचायझीविरुद्ध होता असे अनेकांना आठवते. तो मुळात समांतर परवान्याविरुद्ध (सरकारी कंपनीच्याच हद्दीत दुसऱ्या कंपनीला मिळणाऱ्या परवान्याविरुद्ध) होता: भांडुप, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात एका खाजगी कंपनीने मागितलेला. तिथे ती कंपनी स्वतः परवानाधारक होणार, आयोगाला थेट उत्तर देणार. ‘खाजगीकरण’ हा एकच शब्द या दोन्ही गोष्टींवर चिकटवल्यामुळे भिवंडीचा ग्राहक आणि मुलुंडचा ग्राहक एकच प्रश्न विचारतात, पण कायद्यात त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

भरपाईचेही तसेच. ठरलेल्या वेळेत वीज पूर्ववत झाली नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची तरतूद कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे, आणि डिसेंबर 2020 च्या केंद्रीय नियमांनी ती मागणीशिवाय आपोआप मिळावी असे म्हटले. परंतुकाप्रमाणे वाचले तर फ्रँचायझीच्या हद्दीतही हे देणे परवानाधारकाचे आहे. तक्रार निवारण मंचापुढे अर्ज करताना ग्राहकाने प्रतिवादी म्हणून दोघांचीही नावे टाकावीत, असे जाणकार वकील सांगतात ते याचमुळे. नुसते फ्रँचायझीचे नाव टाकले की पहिली तारीख ‘परवानाधारकाला पक्षकार करा’ यातच जाते.

भिवंडीचा करार 2017 मध्ये आणखी 10 वर्षांसाठी वाढवला गेला. ती मुदत जानेवारी 2027 मध्ये संपते. त्याआधी तिथल्या रोहित्रांची, केबलींची, मीटरची मोजदाद होईल, फ्रँचायझीने घातलेल्या भांडवलाची घसारा वजा जाता किंमत ठरेल आणि ती कोणी कोणाला द्यायची यावर बैठका होतील. नव्या निविदेत गळतीचे लक्ष्य असेलच. लाईट गेल्यावर सरकारी कंपनीच्या कोणत्या अधिकाऱ्याने किती वेळात उत्तर द्यायचे, हे कलमही त्यात घालता येईल. परवाना तेव्हाही तिच्याच नावावर असणार आहे.