मॉल आणि विभागीय भांडारे : सातारा-सांगली परिसर

कापड, भांडी, किराणा, प्रसाधने असा नाना प्रकारचा माल एकाच मालकाच्या छताखाली, विभागवार मांडून ठरीव किमतीला विकणारे मोठे दुकान म्हणजे विभागीय भांडार. मॉलमध्ये इमारत एकाची आणि दुकाने अनेकांची असतात. भांडाराची घडी पॅरिसमध्ये बसली. आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून ‘बाँ मार्शे’त किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, न आवडलेला माल परत घेण्याची सोय केली आणि काही न घेताही दुकानात फिरायची मुभा दिली. बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा नमुना म्हणजे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९५६ साली उघडलेले साउथडेल; त्याचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन. पुढे तिकडे गरजेपेक्षा जास्त मॉल झाले, अनेक शाखा असलेल्या भांडारांच्या साखळ्यांवर कर्ज चढले आणि गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवू लागले. तिथल्या जुन्या भांडार-साखळ्यांपैकी सिअर्सने २०१८ मध्ये आणि जेसी पेनीने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

सातारा-सांगलीकडे एका छताखालची खरेदी खेड्यापर्यंत नेली ती सहकाराने. १९६२ च्या चीन युद्धानंतर महागाईला आवर घालण्यासाठी केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना आणली. १९७० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या, सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या वारणा समूहाने ‘वारणा बाजार’ सुरू केला आणि त्याच्या शाखा वारणा नदीच्या अलीकडे सांगली जिल्ह्यातही पोहोचल्या. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला साबणापासून साडीपर्यंत सगळे चोख मापाने आणि छापील किमतीत मिळू लागले. संघटित किरकोळ व्यापाराच्या इतिहासात या भांडारांना जेमतेम एखादी ओळ मिळते. हा अन्याय आहे.

खाजगी साखळ्या नंतर आल्या. मुंबईत १९९१ मध्ये शॉपर्स स्टॉप हे भांडार आणि १९९९ मध्ये ताडदेवला क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. बिग बझारची सुरुवात २००१ ची, डी-मार्टची २००२ ची. सांगलीत हे दोन्ही आले. सरकता जिना, थंडगार हवा, ढकलगाडी यांचे अप्रूप मोठे होते. तासगाव, विटा, जतकडची कुटुंबे मुद्दाम बघायला येत आणि येताना काहीतरी घेऊन जात. सातारकरांना महामार्गाने पुणे जवळ, त्यामुळे दसरा-दिवाळीची मोठी खरेदी बरीचशी तिकडेच वळली.

तरीही साताऱ्याची खणआळी आणि राजपथ, सांगलीची गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड ओस पडले नाहीत. याचे पहिले कारण उधारी. ऊस तुटून कारखान्याला गेल्यावर कायद्याने १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात बिल बरेचदा लांबते आणि हप्त्याहप्त्याने येते. तोवर घर चालते ते दुकानदाराच्या वहीवर. ‘बिल जमा झालं की भागवतो’ एवढ्या शब्दावर तेलाचा डबा, साखर, खताचे पोतेसुद्धा मिळते. मॉलच्या काउंटरवर ही सोय नाही. तिथल्या मुलाला समोरचा माणूस कोणाचा कोण हे ठाऊक नसते.

दुसरे कारण लग्नाचा बस्ता. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसे कापडदुकानाच्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतात. आधी नवरीचा शालू, मग विहिणीची साडी, मग आत्या, मावश्या, करवल्या, शेवटी मानपानाची लुगडी, टॉवेल-टोप्या. दुकानातला जुना माणूस घडीवर घडी उलगडत असतो. कोणाला किती किमतीचे चालेल हे तो चेहऱ्यावरून ओळखतो. मध्येच चहा येतो, एखादी जाऊ रुसते, तिची साडी बदलली जाते. प्रत्येक साडीला नावाची चिठ्ठी लागते आणि शेवटी एकरकमी हिशोबात घासाघीस होते. हे सगळे मॉलमध्ये कपडे घालून बघायच्या खोलीबाहेरच्या रांगेत होऊ शकत नाही.

साखळ्या कोसळल्या त्या मुख्यतः आपल्याच ओझ्याने. १६०० च्या आसपास दुकाने असलेली सुभिक्षा ही किराण्याची साखळी २००९ मध्ये पैशाअभावी बंद पडली. बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलवर कर्ज होतेच, त्यात कोरोनाच्या टाळेबंदीने विक्री थांबली. रिलायन्सशी २०२० मध्ये ठरलेला व्यवहार अॅमेझॉनबरोबरच्या वादात अडकला, भाडी थकली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने अनेक दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. डी-मार्टने मात्र बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या, सजावटीवर खर्च टाळला आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून माल स्वस्तात घेतला. महिन्याचा किराणा रोखीने भरणारा नोकरदार वर्ग आज तिकडे जातो.

पेठेचे खरे दुखणे मॉल नाही. सांगलीत ते कृष्णेचा पूर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी बाजारपेठेत शिरले. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली आणि तळमजल्यांवरचे कापड, धान्य, वह्या सगळेच भिजले. साताऱ्याच्या जुन्या पेठांत गाडी लावायला जागा नाही. या दोन गोष्टींवर उपाय शोधणे पालिकांच्या हातात आहे, दुकानदाराच्या नाही.