विमानाचं अंतर आणि तिकिटावरचा वेळ: एकावरून दुसरं का निघत नाही

मुंबई–गोवा हवाई अंतर सुमारे 425 किलोमीटर, मुंबई–दिल्ली सुमारे 1,140. म्हणजे दिल्ली अडीचपटीहून लांब. तिकिटावर मात्र गोव्याला साधारण सव्वा तास आणि दिल्लीला सव्वादोन तास दिसतात, दुपटीपेक्षाही कमी.

अंतर म्हणून जो आकडा दाखवतात, ती पृथ्वीच्या गोलावरची दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची रेषा असते. विमान नेमकं त्या रेषेवरून क्वचितच जातं. ठरलेले हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रं आणि धावपट्टीची दिशा यांमुळे वळसा पडतोच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली–लंडन अंतर एका किलोमीटरनेही वाढलं नाही. प्रवास मात्र लांबला. आकडा मैलांत असेल तर कोणते मैल तेही बघा: साधा मैल 1.609 किलोमीटरचा, वैमानिकांचा सागरी मैल 1.852 किलोमीटरचा.

वेळेची गोष्ट वेगळी. तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान गेटवरून हलण्याची वेळ, चाकं जमीन सोडण्याची नव्हे. पोहोचायची वेळ म्हणजे पार्किंगला उभं राहण्याची. मधल्या काळात धावपट्टीपर्यंतची रांगही येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. गर्दीच्या तासाला वीस मिनिटं जमिनीवरच गेली तर नवल नाही. हवेतही पूर्ण वेग लगेच मिळत नाही: 10,000 फुटांखाली सहसा 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटरची मर्यादा असते. वर गेल्यावर तेच जेट ताशी 830च्या आसपास जातं. गोव्याच्या फेरीत चढून स्थिरावेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. म्हणून ती अंतराच्या मानाने महाग पडते, वेळेच्या हिशेबात तरी.

अंदाज हवा असेल तर किलोमीटरला 800ने भागा आणि आलेल्या तासांत पाऊण तास मिळवा. दिल्लीला 1,140 ÷ 800, म्हणजे 1 तास 25 मिनिटं. अधिक 45, म्हणजे 2 तास 10 मिनिटं. हे जेटसाठी. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला 500ने भागा. कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल मिनिटंही ठेवतात. म्हणून दहा मिनिटं उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेवर’ पोहोचतं.

सगळ्यांत जास्त घोळ परदेशी तिकिटात होतो, कारण दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 1:30ला निघून लंडनला संध्याकाळी 6:30ला पोहोचायचं आहे. दिसतात पाच तास, पण साडेपाच तासांचा फरक मिळवला की साडेदहा होतात. परत येताना रात्री 9ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30: दिसतात साडेचौदा, त्यातून साडेपाच वजा केले की नऊ. हा दीड तासाचा फरक मुख्यतः वरच्या थरात पश्चिमेकडून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांचा. अंतर दोन्ही बाजूंनी तेच, सुमारे 7,200 किलोमीटर. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार धरा.

पुढचं विमान पकडायचं असेल तर उभं राहण्याच्या वेळेपासून मोजू नका. दार उघडून मागच्या रांगा उतरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि देशांतर्गत चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो.