श्वानांमधील एपिड्युरल वेदनाशमन

हाडांच्या शस्त्रक्रियेवेळी कुत्र्याच्या कण्यात, मज्जारज्जूच्या जाड आवरणाबाहेरील पोकळीत औषध सोडून शरीराच्या मागच्या भागातील वेदना रोखण्याची पद्धत. मांडीच्या हाडाचा अस्थिभंग, खुब्याचे विकार, गुडघ्यातील तुटलेला अस्थिबंध अशा शस्त्रक्रियांत ती विशेष उपयोगी पडते. कुत्रा संपूर्ण भुलीखाली असला तरी हाड कापताना उठणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचतच असतात. एपिड्युरल त्यांना तिथेच अडवते. त्यामुळे भुलीचा वायू कमी लागतो आणि शुद्धीवर आल्यावरचे विव्हळणेही कमी होते. दुखणे बोलून न दाखवणाऱ्या प्राण्यासाठी हा आगाऊ बंदोबस्त फार मोलाचा आहे.

न्यूयॉर्कमधील जेम्स लेनर्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्ये एका कुत्र्याच्या कण्यालगत कोकेन टोचले, तेव्हा काही मिनिटांतच त्याच्या मागच्या पायांतील बळ गेले. पाठीच्या भुलीच्या इतिहासाची सुरुवात बहुधा या प्रयोगापासून सांगतात.

सुई टोचतात ती कमरेचा सातवा मणका आणि त्रिकास्थी (कमरेमागचे त्रिकोणी हाड) यांमधील फटीत. कुत्र्याचा मज्जारज्जू सहसा या फटीच्या थोडा आधीच संपतो. मांजरात तो आणखी मागे जात असल्याने तिथे जास्त जपावे लागते. कुत्र्याला पोटावर ठेवून मागचे पाय पुढे ओढले की फट रुंदावते. केस भादरून त्वचा निर्जंतुक केल्यावर भूलतज्ज्ञ अंगठा आणि मधले बोट कटीच्या हाडांच्या दोन उंचवट्यांवर टेकवतो व तर्जनीने मधला खळगा चाचपतो. सुईच्या बाहेरच्या तोंडाशी सलाइनचा थेंब ठेवतात. मणक्यांमधील चिवट पडदा भेदला जाताना हाताला हलकासा झटका जाणवतो आणि बहुतेकदा थेंब आत ओढला जातो. सुईतून रक्त आले, तर औषध सोडत नाहीत.

सहसा परिरक्षकविरहित (टिकवण्यासाठीचे रसायन न मिसळलेले) मॉर्फिन, वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, आणि ब्युपिव्हकेन हे बधिरतेचे औषध एकत्र देतात. ब्युपिव्हकेन काही तास टिकते. मॉर्फिनचा अंमल उशिरा सुरू होतो, पण १२ ते २४ तास राहतो.

रक्त गोठण्याचा दोष, टोचण्याच्या जागी त्वचेचा संसर्ग किंवा भरून न काढलेला रक्तस्राव असल्यास ही पद्धत वर्ज्य आहे. कटीचे हाड मोडून खुणा सरकल्या असतील, तर सुई टोचणेच अवघड होते. ब्युपिव्हकेनने रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो सतत मोजावा लागतो. सर्वांत सहज निसटणारी गोष्ट म्हणजे मॉर्फिनने तुंबणारी लघवी. कुत्रा शांत पडून आहे एवढ्यावर समाधान न मानता मूत्राशय चाचपून पाहावे आणि गरज पडल्यास रिकामे करावे. भादरलेल्या जागी केस यायला कधीकधी महिने लागतात. पालकांना हे आधीच सांगितलेले बरे.