टिंबांची टायटॅनिया

जुन्या एन्ग्रेव्हिंगमधल्या (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रातल्या) करड्या छटा पाहून, छापताना काळ्या शाईच्या जोडीला फिकट शाईही वापरली असावी, असा पुष्कळांचा समज होतो. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या सुखात्मिकेच्या चौथ्या अंकात परीराणी टायटॅनिया गाढवाचे डोके लाभलेल्या बॉटम विणकराचे लाड करते. या प्रसंगावर हेन्री फ्यूझेलीने रंगवलेल्या चित्रावरून ज्यां पिएर सिमॉनने केलेले एन्ग्रेव्हिंग लंडनच्या जॉन बॉयडेलने १७९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली कोवळी सावली भिंगाखाली धरली की करडे असे काही उरत नाही. दिसतात ती काळी टिंबे आणि त्यांच्यामधला कोरा कागद. नुसत्या डोळ्यांना ती सुटी दिसत नाहीत, म्हणून आपल्याला काळ्या-पांढऱ्याची सरासरी तेवढी जाणवते.

खरी गंमत ही टिंबे कागदावर उतरण्यात आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा थर देऊन त्यात सुईने टोचे मारत. उघड्या पडलेल्या जागी आम्ल तांबे खाई, आणि पुढची भर कोरणीने घातली जाई. मग पत्रा किंचित तापवून त्यावर उकळलेले जवसाचे तेल आणि काळे रंगद्रव्य यांची शाई चोळत. उष्णतेने श्यानता (दाटपणा) घटलेली शाई खळग्यांत उतरे, आणि वरचा पृष्ठभाग कापडाने, शेवटी तळहाताने, पुसून लख्ख केला तरी खळग्यांतली शाई जागीच राही. कागद मुद्दाम ओलसर घेत, कारण पाण्याचे रेणू सेल्युलोजच्या तंतूंमधले हायड्रोजन बंध सैल करतात. असा मऊ झालेला कागद रुळांच्या दाबाखाली खळग्यांत शिरतो आणि शाई ओढून घेतो. खोल खळगा जाड थर देतो, उथळ खळगा पातळ. आपल्या १०० रुपयांच्या नोटेवरचे गांधीजींचे चित्र बोटाला उठावदार लागते, तेही खळग्यांतून शाई उचलण्याच्या याच तत्त्वामुळे.

तांबे मऊ असल्याने प्रत्येक प्रतीगणिक पत्रा झिजतो, आणि त्यात उथळ खळगे आधी बुजतात. साहजिकच उशिरा छापलेल्या प्रतींत सर्वांत नाजूक छटा प्रथम नाहीशा होतात.

विक्रेते मात्र पिवळ्या कागदाकडे बोट दाखवून ‘अस्सल पुरातन’ असल्याची ग्वाही देतात. त्या काळचा चिंध्यांपासून केलेला कागद लिग्निनच्या (लाकडातल्या, कागद पिवळा पाडणाऱ्या घटकाच्या) अभावी नंतरच्या लाकडी लगद्याच्या वर्तमानपत्रापेक्षा पुष्कळदा पांढराच राहतो, आणि पिवळेपणा तर चहाच्या पाण्यानेही आणता येतो. त्यापेक्षा कडा कापलेल्या नसतील तर पत्र्याच्या काठाचा दाबलेला चौकोनी ठसा शोधावा आणि टिंबे भिंगातून पाहावीत: हाताने घातलेली टिंबे लहानमोठी असतात, तर नेहमीच्या छापील नकलेत ती आखल्यासारखी समान अंतरावर ओळीने येतात.