सिस्टिक फायब्रोसिस आणि आतड्यांचा कर्करोग

सिस्टिक फायब्रोसिस हा आईवडिलांकडून येणारा जनुकीय विकार प्रामुख्याने फुप्फुसांचा म्हणून ओळखला जातो. परंतु हा विकार असलेल्या प्रौढांमध्ये पचनसंस्थेच्या, विशेषतः मोठ्या आतड्याच्या, कर्करोगाचा धोका सर्वसामान्य लोकांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. ही बाब उशिरा लक्षात येण्याचे कारण साधे आहे. 1938 मध्ये डोरोथी अँडरसन यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा बहुतेक रुग्ण बालपणीच दगावत आणि कर्करोग होण्याच्या वयापर्यंत कोणी पोहोचतच नसे. प्रतिजैविके, स्वादुपिंडाच्या विकरांच्या गोळ्या, फुप्फुसांचे प्रत्यारोपण आणि 2012 पासून उपलब्ध झालेली, सदोष प्रथिनाचे काम सुधारणारी औषधे यांमुळे आयुष्य लांबले, आणि मग हा धोका उघड झाला.

अमेरिका आणि कॅनडातील 28,511 रुग्णांच्या 1985 ते 1992 या काळातील नोंदींचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 37 कर्करोग आढळले, म्हणजे वयोमानाप्रमाणे अपेक्षित असलेल्या सुमारे 46 पेक्षा थोडे कमीच. एवढ्यावर थांबले असते तर सारे आलबेल वाटले असते. मात्र पचनसंस्थेचे कर्करोग वेगळे काढून मोजल्यावर अपेक्षित 2 च्या जागी 13 निघाले. पुढे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील 41 हजारांहून अधिक रुग्णांच्या वीस वर्षांच्या पाहणीतही प्रत्यारोपण न झालेल्यांत पचनसंस्थेच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या साडेतीन पट होते. प्रत्यारोपण झालेल्यांत एकूणच कर्करोगाचे प्रमाण पावणेतीन पटींच्या घरात गेले आणि आतड्याचा धोका तर फारच वाढला. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. लहान आतडे आणि पित्तमार्ग यांतही कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळते, तरी प्रत्यक्ष रुग्णसंख्या थोडीच असते.

या विकाराचे मूळ असलेले सीएफटीआर जनुक सातव्या गुणसूत्रावर असून ते 1989 मध्ये सापडले. ते तयार करत असलेले प्रथिन फुप्फुसांप्रमाणेच आतड्याच्या अस्तरातही असते. क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांना पेशीबाहेर जाण्याची वाट तेच देते व त्यांच्या मागोमाग पाणी येते. ही वाट बंद पडली की आतड्यातील स्राव डिंकासारखा घट्ट होतो, तेथील जीवाणूंचा समतोल ढळतो आणि अस्तराला सतत सूज राहते. याशिवाय हे जनुक स्वतःच पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालत असावे, असे मानण्यास आधार आहे. केवळ आतड्यातून ते काढून टाकलेल्या उंदरांमध्ये गाठी वाढल्याचे दिसले आहे.

निदानातील खरी अडचण अशी की पोट फुगणे, बद्धकोष्ठता, उजवीकडे खालच्या भागात दुखणे या तक्रारी या रुग्णांच्या रोजच्याच असतात, त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही त्या जुन्या दुखण्याच्या खात्यावर टाकतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता चाळणी तपासणी, म्हणजे तक्रार नसतानाच ठरावीक काळाने तपासणी, करणे श्रेयस्कर ठरते. 2018 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञगटाने वयाच्या 40 व्या वर्षापासून दर 5 वर्षांनी कोलोनोस्कोपी (गुदमार्गाने दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) करावी, मांसांकुर (अस्तरावर वाढलेला कोंब, ज्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो) सापडल्यास 3 वर्षांच्या आत पुन्हा करावी आणि प्रत्यारोपण झालेल्यांनी 30 व्या वर्षापासूनच सुरुवात करावी, अशी शिफारस केली. त्या वेळी सर्वसामान्यांसाठी हे वय बहुधा 50 धरले जाई.

तपासणीपूर्वी पोट साफ करणे हाच या रुग्णांच्या बाबतीत जिकिरीचा भाग आहे. नेहमीच्या पद्धतीने आतडे धुतले तरी चिकट थर भिंतीला धरून राहतो आणि त्याखाली वाटाण्याएवढा मांसांकुरही सहज लपतो. म्हणून रेचक द्रावण 3 ते 4 खेपांत, प्रत्येक खेपेला किमान 1 लिटर, आणि शेवटची खेप तपासणीच्या 4 ते 6 तास आधी द्यावी असे सुचवले जाते. या विकारात मधुमेहही वारंवार आढळत असल्याने उपाशीपोटी इन्सुलिनची मात्रा किती ठेवायची, हे आधीच ठरवावे लागते.

भारतात हा विकार बराच काळ गोऱ्या लोकांचाच समजला गेला, त्यामुळे वारंवार न्यूमोनिया होणारी मुले क्षयाची किंवा दम्याची औषधे घेत राहत आणि या विकाराच्या निदानासाठी घामातील क्लोराइड मोजण्याची साधी चाचणीही अनेकदा राहून जात असे. बालपणी निदान झालेच नाही, तर चाळिशीतील कोलोनोस्कोपीचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच उरत नाही.